अस्तर वाळू दे

गोदा,

आपण दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे ओलं अस्तर पिळणं. हिरवं, सुती, रोशनीच्या चोळीसाठी भिजवलेलं. एक टोक तुझ्या हातात, दुसरं माझ्या. मी पीळ उलटा द्यायचा तो तुझ्याच बाजूनं दिला, त्यामुळे कापड नुसतं गरगर फिरलं आणि पाणी काही निघेना. तू म्हणालीस, अहो माकडवाले, जन्म गेला माकडांत, कापडाला पीळ देता येईना. मी म्हणालो, माकडं पिळायची नसतात. तू हसलीस, मग खोकलीस, मग मोरीच्या उंबऱ्यावर जरा टेकलीस. राहिलेलं मी एकट्यानं पिळलं. तळव्यांना हिरवा रंग लागला.

दोरीवर टाकताना मी तुला परत तेच विचारलं. शेजारच्या सुनंदावहिनींची सून रोशनी, तिला सातवा लागलाय, चोळी तू शिवणार आहेस, मग तिची ओटी भरायला या वेळी तरी जाशील का? तू चिमटे लावत होतीस. माझ्याकडे न बघता म्हणालीस, "अस्तर वाळू दे, मग सांगते."

दुपार व्हायच्या आत तू गेलीस. शिलाई मशीनला पाठ टेकून बसली होतीस, तशीच. अस्तर अजून ओलंच होतं.

इथल्या मराठी मंडळातले दोघं आले होते. म्हणाले, काका, आपल्या अंकात काकूंवर चार ओळी देऊ, जन्म कधीचा, शिक्षण किती, पश्चात कोण, एवढं सांगा. मी म्हणालो, ते तुम्हाला ठाऊक असेल तर तुम्ही लिहा. तिला जे सांगायचंय ते मी लिहितो. माझं लिहिणं कसं आहे ते तुला माहीत आहे. चौथीपर्यंतची शाळा, तीही अर्धी देवासच्या टेकडीच्या पायऱ्यांवर. वेलांट्या चुकतील. तू असतीस तर मागून डोकावून म्हणाली असतीस, अहो, दीर्घ. आता ऱ्हस्व ते ऱ्हस्वच राहणार.

आपल्या भांडणांपैकी एक राहून गेलं आहे. ते मी असं अर्धवट सोडणार नाही. तू गेलीस म्हणून तू जिंकलीस, असं होत नसतं.

ते अस्तरावरूनच सुरू झालं होतं. तुझा नियम होता, अस्तर आधी भिजवायचं, वाळवायचं, काय आटायचं ते आटू द्यायचं, आणि मगच कातर लावायची. कोरं अस्तर लावलेली चोळी पहिल्या धुण्यातच आतून आवळते आणि वरचं कापड चुण्या पडून रडवेलं दिसतं. नव्या पोरी घाई करतात, तू कधी केली नाहीस. गिऱ्हाईक दारात उभं राहून म्हणायचं, काकी, आज मिल जाएगा क्या? तू दोरीकडे बोट दाखवायचीस. त्या दोरीवर सदानकदा अस्तरं. पाहुणे म्हणायचे, तुमच्या घरावर रोज झेंडे लावलेले असतात.

माझी नोकरी इंदूरकडच्या त्या संशोधनाच्या जागी, माकडघरात. सकाळची पहिली बस धरायची, दिवसभर पिंजरे धुवायचे, चणे, गूळ, केळी द्यायची, आणि लाल तोंडाच्या माकडिणींची रोज सकाळी तपासणी करायची. कापसाचा बोळा घेऊन बघायचं, कुणाला पाळी आली का. चण्याच्या लालचीनं त्या पाठ करून उभ्या राहायच्या. नातेवाइकांत मी सांगायचो, प्रयोगशाळेत आहे. तू सांगायचीस, माकडिणींच्या पाळ्या मोजतात. तुझ्या माहेरच्या, धारच्या भावानं तर मला विचारलं होतं, जावईबापू, याची सरकार तनखा देते? देते म्हटलं, आणि वेळेवर देते.

तिथल्या डॉक्टरबाई माकडिणींच्या गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा अभ्यास करत होत्या. पहिल्यांदा त्यांच्या तोंडून अस्तर हा शब्द ऐकला तेव्हा मला वाटलं, बाईंना चोळी शिवायची आहे. मी म्हणालोही, माझी बायको शिवते. त्या हसल्या नाहीत. कागदावर पेरूसारखं काहीतरी काढून त्यांनी मला दाखवलं, की ही पिशवी, आणि ही तिच्या आतली मऊ बाजू, ते अस्तर. गर्भ येऊन रुजतो तो इथे.

त्या काय करत होत्या ते मी तुला त्या संध्याकाळी जेवताना सांगितलं होतं. माकडिणीची अंडाशयं काढलेली असतात, म्हणजे तिच्या स्वतःच्या रसांचा घोळ राहत नाही. मग बाई सुईनं हार्मोन देतात. आधी एक. त्यानं अस्तर वाढतं, आणि माकडिणीचं तोंड आणि ढुंगण लालबुंद होतं. मग काही दिवसांनी जोडीला दुसरं. त्यानं वाढलेलं अस्तर ठरतं, मऊ होतं, त्यात रस भरतो. आणि त्या वेळी, बराबर त्याच वेळी, आत नुसता एक रेशमी दोरा घातला किंवा जरासं खरवडलं, तरी ते अस्तर त्या जागी फुगून येतं, गर्भ आल्यासारखं. गर्भ नाही, नर नाही, काही नाही. दोरा. हेच हार्मोन न देता केलं तर ढिम्म हलत नाही. उलट्या क्रमानं दिलं तरी नाही. आणि दुसरी सुई बंद केली की दोन-चार दिवसांत सगळं गळून जातं, पाळी येते, आणि मला बोळ्यावर दिसतं.

तू भात कालवता कालवता थांबली होतीस. मग म्हणालीस, म्हणजे आधी भिजवायचं, मग ठरू द्यायचं, मग सुई लावायची. उलटं केलं की बिघडतं. एवढं शिकायला बाई विलायतेला गेल्या होत्या होय?

दुसऱ्या दिवशी मी हे बाईंना जसंच्या तसं सांगितलं. त्या खूप हसल्या आणि म्हणाल्या, तुमच्या घरी सांगा, कापड नुसतं आटतं, हे वाढतं आणि गळतं आणि परत वाढतं, तुमच्या घरच्यांनी असं कापड आणून दाखवावं. मी घरी येऊन तेही सांगितलं. तू म्हणालीस, हो, हे मात्र खरं. आणि मग गप्प झालीस. तुझं गप्प होणं मला कळलं होतं.

आपल्याला दोनदा राहिलं आणि दोनदा गेलं. दोन्ही वेळा लवकर. तू रडलीस ती घरातच, आणि मग मशीनवर बसलीस. सासूबाई, म्हणजे माझी आई, तुला कधी वेडंवाकडं बोलली नाही, हे तू पण म्हणायचीस. बोलली ती तू स्वतःच. माझी पिशवी खोटी आहे, म्हणालीस. नाणं खोटं असतं तसं. आणि मग धाकट्या बहिणीची ओटी भरायला तू धारला गेलीस, पहिला मान म्हणून तुझ्याच हातानं भरली, आणि तिचं मूल जन्मून दोन दिवसांत गेलं. तेव्हापासून तू कुणाची ओटी भरली नाहीस. कुणी अडवलं नाही तुला. सुनंदावहिनी दर वेळी हाताला धरून न्यायला यायच्या. तू म्हणायचीस, मशीनवर काम आहे, मी चोळी पाठवते ना. अख्ख्या गल्लीतल्या ओटभरणाच्या हिरव्या चोळ्या तू शिवल्यास, आणि एकाही पदरात मूठभर दाणा टाकला नाहीस.

यावर आपलं भांडण. बाकीची भांडणं होती, पण ती खाण्यापिण्याची. ओटीला आमच्याकडे गहू, तुमच्या धारकडे तांदूळ, त्यावर आपण किती वर्षं तोंड वाजवलं. तू म्हणायचीस, गव्हाची कसली ओटी, चक्कीवर निघालाय की काय. मी म्हणायचो, मालव्यात राहायचं आणि तांदूळ मिरवायचे. ती भांडणं मला फार आवडायची. आता सांगतो.

खरं भांडण धारवालीवरून झालं. ती एक माकडीण होती, अंगानं लहान, तोंडाची फटकळ, कुणालाही चावायची, आणि चणे दिले तर आधी वास घेऊन बघायची. मी तिचं नाव धारवाली ठेवलं. तुला कुणीतरी सांगितलं, आणि तू दोन दिवस माझ्या डब्यात नुसती चटणी-पोळी दिलीस. पण नंतर तूच विचारायचीस, काय म्हणते माझी सवत? हनुमान जयंतीला तू गूळ-फुटाण्यांची पुडी बांधून द्यायचीस आणि सांगायचीस, तिला दोन जास्त.

धारवालीला दोऱ्याच्या प्रयोगात घेतलं. आधी पहिली सुई, मग दुसरी, मग बाईंनी पोटाला बारीक चीर देऊन आत दोरा घातला. काही दिवसांनी पिशवी काढून घेतली. माकडीण जगली, पिशवी गेली. बाईंनी मला भिंगाच्या यंत्रात दाखवलं. मला त्यातलं कळतं असं नाही. गुलाबी, जांभळं, आणि एका जागी दाटून फुगलेलं, जसा काठावर भरगच्च कशिदा असतो. बाई म्हणाल्या, बघा, गर्भ नाही, पण अस्तरानं आपलं काम चोख केलंय.

मी घरी येऊन सांगितलं तेव्हा तू आधी रागावलीस. मुक्या जनावराची पिशवी काढता, तुम्हाला काही वाटत नाही? मी म्हणालो, वाटतं, आणि पगारही मिळतो. हे उत्तर तुला कधी पटलं नाही आणि मला आजही दुसरं येत नाही. पण मग तू वेगळंच विचारलंस. म्हणालीस, तिला कळलं असेल का, आपल्याला फसवलं ते? आत बाळ नाही, दोरा आहे?

हे मी बाईंना विचारलं. तुझं नाव सांगून विचारलं. बाई म्हणाल्या, फसण्याचा प्रश्न नाही. अस्तराला कोण आलंय ते बघता येत नाही. त्याला एवढंच कळतं की योग्य वेळी कुणीतरी हात लावला. मग ते जागा करून देतं. आणि त्यांनी आणखी एक सांगितलं. शेजारच्या खोलीत उंदीर होते. उंदरात म्हणे स्पर्श झाल्याखेरीज अस्तर अशी तयारी करतच नाही. माकडात थोडी आपणहून करतं, आणि स्पर्श झाला की जोरात. आणि बाईच्या जातीत तर कुणी येवो न येवो, दर महिन्याला आपणहून सगळी तयारी करतं. कुणी आलं नाही तर मोडून टाकतं, आणि पुढच्या महिन्यात परत करतं.

तेव्हा मी तुझं विचारलं. त्यांना सरळ विचारलं, माझ्या घरी दोनदा गेलं, ते अस्तर खोटं म्हणून का? बाई म्हणाल्या, तपासल्याशिवाय मी सांगू शकत नाही, पण इतक्या लवकर जातं तेव्हा बहुतेक वेळा बीजातच गडबड असते, जागेत नव्हे. एवढंच म्हणाल्या. मी त्यात काही घातलं नाही.

ते आपलं बोलणं मला शब्द न् शब्द आठवतं. तू पाटावर बसून काजं करत होतीस.

मी म्हणालो, "तुझी पिशवी खोटी नाही. तिनं दर महिन्याला तयारी केली."

"तुम्ही माझी समजूत काढताय."

"मी कधी कुणाची समजूत काढलीये?"

तू सुई थांबवलीस. "मग त्या माकडिणीची कूस खरी?"

"खरी. दोऱ्यालासुद्धा जागा दिली तिनं."

"आणि मी काय माकडीण आहे का?"

"उंदीर तर नाहीस ना."

तू काजाचं कापड माझ्या अंगावर फेकलंस आणि हसलीस. पण ओटी भरायला काही गेली नाहीस. मला वाटलं होतं जाशील. बाईंचं नाव सांगून आणलेली गोष्ट होती, तरी तू नाही म्हणालीस. म्हणालीस, डोक्याला पटतं, हाताला पटत नाही. हात पुढे होत नाही. मी तुझा हात ओढून नेणाऱ्यांतला नाही.

आता दुखण्याचं लिहितो. ते लिहिल्याशिवाय पुढचं कळणार नाही, आणि लोक वाट्टेल ते बोलतात.

तुझी पाळी जाऊन किती तरी वर्षं झाली होती. मग कधीतरी परत डाग लागायला लागले आणि ओटीपोटात दुखायला लागलं. तू मला सांगितलं नाहीस. सुनंदावहिनींबरोबर चौकातल्या दवाखान्यात गेलीस. तिथे कम्पाउंडर भिया, चार पुरुष बाकावर, आणि त्यानं विचारलं, माताजी, तकलीफ कहाँ है? ओटीपोटाला हिंदीत काय म्हणतात ते तुला येईना. पेडू हा शब्द तू कधी बोलली नव्हतीस. आणि बच्चेदानी हा शब्द तर तू आयुष्यात तोंडातून काढला नाहीस. बच्चेच नाहीत, तर दानी कसली, म्हणायचीस. आपण मराठीत पिशवी म्हणतो, म्हणून तू पिशवीचं हिंदी केलंस. "थैली में दर्द है।" ते म्हणाले, पित्त की थैली? पुरुषांसमोर आणखी काय बोलणार, तू म्हणालीस, हओ. त्यांनी पोटाच्या वरच्या अंगाची सोनोग्राफी केली, आणि नशीब बघ, पित्ताशयात खरंच एक बारीक खडा निघाला. सगळ्यांचं समाधान झालं. त्याच्या गोळ्या सुरू झाल्या. तुला वाटलं, मोठ्या माणसांनी बघितलंय, होईल बरं. डाग लागतात हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, तर ते काय करतील.

त्या दवाखान्यावर माझा राग नाही. एका शब्दाची चूक आहे, आणि ती फक्त आपल्यासारख्यांच्या घरातच होऊ शकते, जिथे आजारपण मराठीत होतं आणि औषध हिंदीत.

मला कळलं ते दोरीवरून. अस्तरांच्या मागे तू जुने मऊ कपडे वाळत टाकायला लागलीस. मी इतकी वर्षं कापसाचे बोळे बघितलेला माणूस. मी काही विचारलं नाही, पिशवीत दोन साड्या भरल्या आणि म्हणालो, चल इंदूरला.

इंदूरच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि तू खाली बघत राहिलीस. तेव्हा मी बोललो. बच्चेदानीची तकलीफ आहे, पाळी गेल्यावर परत खून जातोय. देवासच्या परतीच्या बसमध्ये मांगलिया येईपर्यंत तू माझ्याशी बोलली नाहीस. त्याच्या पुढे कधीतरी म्हणालीस, परक्या बाईसमोर तो शब्द काढायची काय गरज होती. मी म्हणालो, थैली म्हणून पाहिलं ना तू. मग तू खिडकीकडे तोंड करून हसलीस. मला काचेत दिसलं.

त्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. अस्तर जाड झालंय. पाळी गेली तरी शरीरात थोडा थोडा पहिला हार्मोन बनत राहतो, आणि दुसरा, जो त्याला आवरतो, तो बनत नाही. म्हणून अस्तर वाढतच राहतं, आणि कधी कधी त्या वाढण्यात बिघाड होतो. बाई हे चित्र काढून सांगत होत्या आणि माझ्या डोळ्यांपुढे धारवालीचं लाल तोंड आलं. पहिली सुई दिली आणि दुसरी द्यायची राहिली, तसं. तू मला कोपरानं ढोसलंस आणि मराठीत हळूच म्हणालीस, "बघा, माझं अजून तयारीच करतंय."

गोदा, हे तू म्हणालीस. कॅन्सर हा शब्द ऐकल्याला पाच मिनिटं झाली नव्हती. माझ्यात एवढी हिंमत नाही. तुझ्या त्या एका वाक्यावर मी पुढचं सगळं काढलं. ऑपरेशन, पिशवी काढली, मग छातीत उतरल्याचं निघालं, मग डॉक्टर म्हणाले घरी न्या, जे आवडतं ते करू द्या. तू घरी आलीस आणि मशीनला तेल घातलंस.

पिशवी काढल्यावर तू मला विचारलं होतंस, तुमच्या धारवालीचं पुढे काय झालं? मी म्हणालो, पुष्कळ जगली. नव्या माकडिणींना पहिल्या दिवशी चावायची आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांची पोरं उचलून फिरवायची. एकीचं पोर तर तिच्याच पोटाला धरून झोपायचं. पिशवी नव्हती, पण त्या पोरानं काही विचारलं नाही. हे मी तुझ्यासाठी बनवलेलं नाही. तुला तसं वाटलं होतं. तू माझ्याकडे फार वेळ बघितलंस आणि म्हणालीस, खोटं बोलताना तुमचे कान हलतात, आत्ता हलले नाहीत.

त्यानंतर आठवड्यानं तू सुनंदावहिनींकडे स्वतः रोशनीच्या चोळीचं कापड मागितलंस. आणि मी दोरीखाली ते विचारलं. आणि तू नाही म्हणाली नाहीस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तू नाही म्हणाली नाहीस. अस्तर वाळू दे, म्हणालीस.

त्या संध्याकाळी तुला नेलं. खालून सगळे ये-जा करत होते आणि ते हिरवं अस्तर वर दोरीवर होतं, कुणाच्या डोक्याला लागत होतं. कुणीतरी काढायला हात घातला, मी म्हणालो, राहू दे, ओलं आहे. सवाष्ण गेली म्हणून बायकांनी तुला हिरवी साडी नेसवली, मळवट भरला, ओटी भरली. सुनंदावहिनींनी भरली. गव्हानं. मला तेवढ्यातही वाटलं, आता ही उठून बसते आणि म्हणते, चक्कीवर निघालेय का मी. खांदा देताना बघितलं, माझे तळवे अजून हिरवे होते.

तुझे मी आभार मानायचे का? आपल्यात तसं बोलायची पद्धत नाही. तू मला दीर्घ शिकवलंस, गरम पोळी दिलीस, माझ्या नोकरीला हसलीस आणि त्याच नोकरीतलं रोज संध्याकाळी कान देऊन ऐकलंस. दुसऱ्या कुणी ऐकलं नसतं. माकडघरातल्या माणसाला घरी आल्यावर लोक आधी आंघोळ करायला सांगतात. तू आधी विचारायचीस, आज काय झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो. तोंड धुतलं. तुझी वाट न बघता चहा करायचा होता, पण आपल्या घरी चूल पेटवायची नव्हती. अंगणात आलो. अस्तर वाळलं होतं. हात लावून बघितलं, पूर्ण वाळलं होतं, काठाचा भागसुद्धा. रंग जरा उतरला होता आणि दोन बोटं आटलं होतं. काय आटायचं ते आटलं होतं. आता त्यानं कुणाला फसवलं नसतं.

मी चिमटे काढले, तू घालायचीस तशी चौघडी घातली आणि शेजारी गेलो. ओटी भरायला गेलो नव्हतो. मला सुतक आहे, त्यांना नाही, आणि पुरुषानं ओटी भरायची नसते, हे सगळं मला ठाऊक आहे. कापड त्यांचं होतं, ते द्यायला गेलो. म्हटलं, शिवणारी दुसरी बघतील, निदान अस्तर तरी तयार आहे.

सुनंदावहिनी देवळात गेल्या होत्या. रोशनी माझ्यासाठीच पोळ्या करत होती, आपल्याकडे चूल नाही म्हणून. दोन्ही पंजे कणकेनं भरलेले. खातेगावची पोर, घरात मराठी बोलते, पण शाळा सगळी हिंदीची, अडली की हिंदीत जाते. मला बघून उठायला लागली, मी म्हणालो, बस, तुला उठायला वेळ लागतो. म्हणालो, काकीनं तुझ्या चोळीचं अस्तर भिजवून ठेवलं होतं. वाळलंय.

तिनं हात पुढे केले आणि कणीक बघून मागे घेतले. मग मनगटांनीच ओढणीची दोन टोकं उचलली, पोटासमोर झोळी केली आणि म्हणाली, काका, इसमें रख दो.

मी त्यात ठेवलं.

तिच्या पोटावर ते हिरवं कापड. बाहेर कुणाची तरी गाडी सुरू होत नव्हती. रोशनीचे डोळे भरले, आणि हात कणकेचे असल्यामुळे तिला पुसता येईनात. मग ती म्हणाली, "काका, काकी येणार होत्या. परवा मला बोलल्या. बोलल्या, तेरी ओटी मैं भरूँगी, पण तुझ्या काकांना आत्ताच सांगू नको, फार शेफारतील."

मी तिथेच पाटावर बसलो.

रोशनी म्हणाली, "नुसतं कापड नाही ना ठेवत? इसमें गेहूँ डालते हैं कि चावल?"

तिच्या मागे फळीवर दोन्ही डबे होते. मी उठलो, तांदळाचा काढला.